नये, नको आणि येईना

बागेतल्या पाट्या नीट वाचल्यात का कधी? एकीवर असतं 'फुले तोडू नयेत', दुसरीवर 'फुले तोडू नये'. नांदेड-लातूरकडं मला तरी दुसरीच जास्त दिसते. शुद्ध मराठीचे कैवारी पहिलीच्या बाजूनं उभे राहतात. फुले अनेकवचनी, म्हणून 'नयेत'. पाटी रंगवणारा या वादात पडत नाही. त्याच्या दृष्टीनं फुलं तुटली नाहीत म्हणजे झालं, एक 'त' कमी काय आणि जास्त काय!

पण त्या 'त'मध्ये सातशे वर्षांचा इतिहास अडकलाय.

'नये' हा शब्द म्हणजे 'न' आणि 'ये'. यातला 'ये' आपल्या 'येणे' क्रियापदाचाच. ज्ञानेश्वरी नेवाशात १२९० साली लिहून झाली. त्या काळच्या मराठीत नकार क्रियापदाला असा घट्ट बिलगलेला असे. न जाणे म्हणजे नेणे, न आवडे म्हणजे नावडे, न उरे म्हणजे नुरे, न घे म्हणजे नेघे, न उमजे म्हणजे नुमजे, न लगे म्हणजे नलगे. ही सगळी मंडळी कालांतरानं पोथीत आणि अभंगात राहिली. बाजारात आज कोणी 'मज भाव नावडे' म्हणून घासाघीस करत नाही. 'नये' मात्र टिकला, आणि तोही अर्थ बदलून. जुन्या मराठीत 'बोलो नये' याचा अर्थ 'बोलता येत नाही', 'बोलण्यापलीकडचं आहे' असाही होई. म्हणजे बोट होतं शक्यतेकडं. आज 'बोलू नये' म्हटलं की जीभ चालत असते, पण ती आवरायची असते. जे जमत नव्हतं, ते शोभत नाही झालं.

आता पाटीकडं परत या. 'फुले तोडू नयेत' याचा मूळ सांगाडा 'फुलं तोडता येत नाहीत' असा आहे. येणारी किंवा न येणारी फुलं आहेत, माणूस नव्हे. म्हणून वचन फुलांचं. 'नयेत'मधला 'त' ही आठवण धरून बसलाय. 'नये'वाल्याच्या डोक्यातून ती आठवण गेली आहे. त्याच्या लेखी 'नये' हा एक ठोकळा आहे, मनाईचा शिक्का. शिक्क्याला वचन कशाला? दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त एक जण शब्दाचा बाप बघतो आणि दुसरा त्याचं काम बघतो. छापायची वेळ आली तर मी 'नयेत' छापीन. पण 'नये' लिहिणाऱ्याला अडाणी म्हणणार नाही.

इंग्रजीतही हेच झालेलं आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण इंग्रजी म्हणजे कडक नियमांची भाषा असं आपल्याकडं शाळेपासून बिंबवलेलं असतं. 'कॅन' म्हणजे मुळात जमणं, ठाऊक असणं. 'यू कान्ट पार्क हिअर' म्हणणाऱ्या हवालदाराला तुमच्या ड्रायव्हिंगबद्दल शंका नसते. तुम्हाला गाडी लावता येते हे त्याला दिसतंच आहे. तरी 'कान्ट'. 'जमत नाही' म्हणजे इथं 'परवानगी नाही'. आपला 'नये' ज्या वाटेनं गेला तीच ही वाट.

नांदेडहून बिलोलीमार्गे बोधनकडं निघा. आपल्या एसटीत 'धूम्रपान करू नये' असतं. सीमा ओलांडली की तेलंगणाच्या बसमध्ये तेलुगू अक्षरांत 'पोग त्रागरादु' लिहिलेलं सापडतं. पोग म्हणजे धूर, त्रागु म्हणजे पिणं. आणि शेवटचा 'रादु'? तेलुगूत 'ये' म्हणायला 'रा' म्हणतात, हे धर्माबादच्या बाजारात अर्धा दिवस काढलेल्या कुणालाही कळतं. 'रादु' म्हणजे 'येत नाही'. 'नाकु तेलुगु रादु', मला तेलुगू येत नाही. तोच 'रादु' क्रियापदाला जोडला की झाली मनाई. धूर प्यायला येत नाही, अर्थात पिऊ नये.

आता लातूरच्या बाजूनं जा. उदगीर, देवणी, निलंगा सोडलं की बीदर, भालकी, औराद. कानडीत 'ये'ला 'बा' आणि न येण्याला 'बारदु'. 'माडबारदु' म्हणजे 'करू नये'. पुन्हा तीच घडण, तोच 'न येणारा' शब्द मनाईच्या कामावर. हिंदीत 'मुझे तेलुगु नहीं आती' इथपर्यंत आपली सोबत आहे, पण 'न आना'पासून मनाईचा शब्द हिंदीनं घडवलेला नाही. ती 'मत', 'न' किंवा 'मना है' यांवर भागवते. म्हणजे या एका बाबतीत मराठीची सोयरीक उत्तरेपेक्षा दक्षिणेशी जास्त जवळची.

यात नवल वाटायचं कारण नाही. 'कविराजमार्ग' या नवव्या शतकातल्या कानडी ग्रंथात कानडी मुलुख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितलाय, आणि नांदेड गोदावरीच्या काठावर आहे. तो ग्रंथ ज्या राष्ट्रकूटांच्या दरबारात झाला, ते स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. ते लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं इतिहासकार मानतात. नांदेड जिल्ह्यातलं कंधारही त्यांच्याच राजवटीतलं मोठं ठाणं. एका अंगणात दोन-तीन भाषा शतकानुशतकं नांदल्या तर त्या एकमेकींच्या सवयी उचलणारच. एमेनो या भाषाशास्त्रज्ञानं १९५६ साली भारत हे एक 'भाषिक क्षेत्र' असल्याचं मांडलं. फ्रँकलिन साउथवर्थनं १९७१ साली मराठीच्या जडणघडणीतल्या द्राविडी अंशावर लिहिलं. विद्वानांचे निष्कर्ष कुणी मान्य करो न करो, देगलूरच्या आठवडी बाजाराला ते आधीपासून ठाऊक होते.

'नको'ची गोष्ट उलट्या दिशेची. हा शब्द आपल्याकडून बाहेर गेला. नांदेड-लातूर हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीत उर्दू, शाळेत उर्दूचा वरचष्मा, १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दू माध्यमाचं. असं असूनही त्याच मुलखातल्या दख्खनी या उर्दूच्या बोलीनं 'मत' बाजूला सारून मराठीचा 'नको' उचलला, वर 'क' ठासून 'नक्को' केला. 'मेरेकु नक्को', 'जाओ नक्को'. आज हैदराबादचा माणूस चार शब्द बोलला की त्यात एक 'नक्को' येतो, आणि जगभर लोक तो हैदराबादी बोलीचा ठसा म्हणून ओळखतात. दरबारी भाषेला रयतेकडून मिळालेलं हे एक 'नको' आहे.

दख्खनीला तो का लागला असेल, याचं माझं उत्तर साधं आहे. 'मत' फक्त हुकुमाला चालतो. 'चहा नको' याला 'मत' चालत नाही, तिथं 'नहीं चाहिए' असा लांबचा वळसा घ्यावा लागतो. मराठी 'नको' दोन्हीकडं चालतो. 'जाऊ नको' यात मनाई, 'चहा नको' यात नकार. कानडीचा 'बेड' आणि तेलुगूचा 'वद्दु' हेही असेच दुहेरी. ज्या बाजारात तिन्ही बाजूंनी एकच शब्द दोन कामं करतो, तिथं 'मत' आणि 'नहीं चाहिए' यांची वेगवेगळी पिशवी कोण बाळगणार?

व्याकरणाच्या पुस्तकात 'नको' फार नेटका दिसतो. तू नको किंवा नकोस, तुम्ही नका, आंबे नकोत. बोलण्यात त्याचे चेहरे कितीतरी. कुठं 'नगं', कुठं 'नकू', कुठं 'नकं', आदरानं 'नगा'. शाळेत हे सगळे अशुद्ध ठरतात. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ साली मुंबईत छापलं गेलं. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आलं. दोन्ही ग्रंथ मोठेच. पण दामल्यांचा ग्रंथ आला तेव्हाही आमच्याकडं उर्दूचाच वरचष्मा होता. शुद्ध रूप आमच्या दारात उशिरा आलं आणि आल्या आल्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या चुका काढू लागलं.

पण खरी गंमत या रूपांमध्ये नाही. कोण कुणाला कोणता नकार देतो, त्यात आहे.

'नको' म्हटलं की समोरचा कोण ते ठरवावं लागतं. नकोस म्हणायचं की नका? 'नये'ला ही पंचाईत नाही. 'असं करू नये' यात तू नाही, तुम्ही नाही, कुणीच नाही. म्हणून सुनेला सासऱ्यांना अडवायचं असलं की ती 'नका' म्हणत नाही. 'मामंजी, उन्हाचं जाऊ नये,' एवढंच म्हणून पाण्याचा तांब्या पुढं करते. कारकून साहेबांना असंच सांगतो. आजी नातवंडांना म्हणते, 'रात्री नखं काढू नयेत', तेव्हा ती स्वतःची आज्ञा देत नसते, जगाची रीत सांगत असते. तिलाच विचारलं, 'का गं आजी?' तर उत्तर ठरलेलं, 'काढत नसतात!'

हे 'नसतात' बघा. 'मोठ्यांना असं बोलत नसतात.' व्याकरणाच्या दृष्टीनं ही फक्त नेहमीच्या सवयीची माहिती आहे, लोक असं बोलत नाहीत, बस. प्रत्यक्षात मात्र ही मराठीतली सगळ्यांत पक्की मनाई. हिच्यापुढं वाद घालता येत नाही, कारण तिनं तुम्हाला काही सांगितलेलंच नसतं. आणि हाच 'नसतो' पहिल्या पुरुषात आला की हट्ट होतो. 'मी काही जात नसतो जा!' लातूरच्या पोरानं हे वाक्य म्हटलं की ओळखावं, दोन तास तरी हा हलत नाही. 'जाणार नाही' यात निर्णय आहे, 'जात नसतो' यात पाय रोवलेले आहेत. कुठल्या व्याकरणानं या दोन्हीत फरक करून दाखवलाय? करावा, अशी माझी इच्छा आहे.

मग येतो 'ना'. पोरगं ऐकंना. दार उघडंना. पाऊस पडंना. मोटार पाणी उचलंना. पुस्तकी रूप 'ऐकेना, उघडेना', आमच्याकडं 'एना'चा 'अंना'. यात आणि 'उघडत नाही' यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. 'दार उघडत नाही' ही तक्रार सुताराकडं करायची. 'दार उघडंना' म्हणणारा अजून दाराशी झटतोय, आणि दारच मनावर घेत नाही असं त्याचं म्हणणं आहे. जीव नसलेल्या वस्तूला हट्ट चिकटवणारा हा नकार. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या वर्षी 'नळाला पाणी येईना' हे वाक्य शहरात जितक्या वेळा उच्चारलं गेलं असेल, तितकं दुसरं क्वचितच. तिथं 'येत नाही' म्हणून भागलं नसतं. वाट बघणं 'येईना'मध्येच आहे.

इंग्रजीचा 'वोन्ट' नेमका इथं बसतो. 'द डोअर वोन्ट ओपन.' दाराला इच्छा नाही. भाषांतरावरून इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्या तर्खडकरी परंपरेत 'विल नॉट' म्हणजे 'णार नाही' एवढंच शिकवलं जातं, म्हणून पोरं दाराचं भविष्य वर्तवून मोकळी होतात, 'दार उघडणार नाही'. 'दार उघडंना' असं फळ्यावर लिहिणारा मास्तर सापडला तर त्याचा सत्कार करावा. जाता जाता सांगतो, 'विल'चा 'विलन्ट' न होता 'वोन्ट' का झाला, तर जुन्या इंग्रजीत 'वोल' असंही रूप होतं, ते नकारात तेवढं शिल्लक राहिलं. म्हणजे नियमाच्या भाषेतही बोलीचा उंदीर शिरलेलाच. जोनाथन स्विफ्टनं १७१० साली 'टॅटलर' या नियतकालिकात अशा तुटक्या रूपांची यथेच्छ टर उडवली, त्यात 'कान्ट'ही होता. स्विफ्ट गेला, 'कान्ट' राहिला. 'शान्ट' आणि 'मेन्ट' म्हातारे होऊन कोपऱ्यात बसले, ते कुणाच्या टीकेमुळं नव्हे, लोकांनी वापरायचं सोडलं म्हणून.

मात्र एका ठिकाणी मी नियमाच्या बाजूनं आहे, आणि तिथं स्वतःची शैली वगैरे ऐकून घेणार नाही. ते म्हणजे 'मस्ट नॉट' आणि 'नीड नॉट'. होकारात 'मस्ट' आणि 'नीड' शेजारी बसतात. नकार आला की त्यांचं तोंड दोन दिशांना होतं. 'यू मस्ट नॉट टेल हिम' म्हणजे त्याला सांगायचं नाही. 'यू नीड नॉट टेल हिम' म्हणजे सांगायची गरज नाही, सांगितलंत तरी हरकत नाही. मराठी पोराचा गोंधळ इथंच होतो, आणि त्याचा दोष मेंदूचा नाही, 'नको'चा आहे. 'वडिलांना सांगायला नको' हे वाक्य घ्या. वडील कडक आहेत आणि बातमी वाईट, तर अर्थ 'सांगता कामा नये'. वडिलांना आधीच कळलंय, तर अर्थ 'सांगायची गरजच नाही'. आणि 'हे काही सांगायला नको' म्हटलं तर ते उघडच आहे. एका 'नको'त मस्ट नॉटही आहे आणि नीड नॉटही, निवाडा सूर आणि प्रसंग करतात. बोलताना हे वैभव आहे. पण औषधाच्या बाटलीवर, परीक्षेच्या सूचनेत, करारात हे वैभव परवडत नाही. तिथं 'घेऊ नये' की 'घेण्याची गरज नाही' हे सोडवूनच लिहायला हवं. इंग्रजीचा 'मे नॉट' असाच घातकी. 'परवानगी नाही' आणि 'कदाचित नाही' दोन्ही त्यात. 'उमेदवार मे नॉट लीव्ह' वाचून उमेदवार कदाचित जाणार नाहीत असं समजणारा पोरगा चुकीचा कसा म्हणायचा?

आता जे वाक्य मास्तरांच्या लाल पेनाला हटकून सापडतं, त्याचं. 'त्यानं यायला पाहिजे नव्हतं.' नियमाचा माणूस म्हणतो, 'पाहिजे'चा नकार 'नको', म्हणून 'यायला नको होतं' लिहा. वरवर खरं आहे. 'पाहिजे' मुळात जुन्या कर्मणी रूपाचा अवशेष, 'पाहिलं जातं', 'शोधलं जातं' असा. त्याची उलट बाजू 'नको'नं कधीच बळकावली. पण 'नको'ला भूतकाळ नाही, इंग्रजी 'मस्ट'लाही नाही. दोघांनाही मागचं सांगायला दुसऱ्याचा टेकू लागतो. 'नको होतं' हा एक टेकू, 'पाहिजे नव्हतं' हा दुसरा. अर्थात फरक आहेच. 'यायला नको होतं' यात बोलणाऱ्याची हळहळ ऐकू येते. 'यायला पाहिजे नव्हतं' यात ठपका आहे. बारशाला येऊन भांडण काढून गेलेल्या पाहुण्याला मी दुसरंच वाक्य लावीन. हिंदीच्या 'नहीं चाहिए था'चा वास येतो म्हणून ते टाकून द्यायचं, तर मग मराठीनं दक्षिणेकडून आणि दख्खनीनं मराठीकडून जे जे उचललं, त्या सगळ्याचा हिशेब मागावा लागेल.

'कामा नये'चंही थोडं. 'असं होता कामा नये', पुढाऱ्याचं आणि अग्रलेखाचं लाडकं. मूळ अर्थ 'कामाला येत नाही'. याचा होकार अस्तित्वात नाही. 'असं होता कामा ये' म्हणून बघा. मनाईसाठीच जन्मलेला आणि मनाईतच राहिलेला शब्दप्रयोग. आमच्याकडं तो सभेत बोलला जातो, घरात नाही. घरात कुणी 'भाजीत मीठ जास्त होता कामा नये' म्हणालं तर बायको पुढारी समजून हार घालेल.

परीक्षेतल्या नकाराचंही एक. तयारीचा 'लातूर पॅटर्न' आणि नांदेडच्या शिकवण्यांनी पोरांना गुण मिळवायला शिकवलं, त्याबद्दल तक्रार नाही. 'अर्थ न बदलता वाक्य नकारार्थी करा' या प्रश्नाला 'तो हुशार आहे' याचं 'तो मूर्ख नाही' हे उत्तर लिहून पोरं गुण घेतात. हुशार नसलेला पण मूर्खही नसलेला माणूस, म्हणजे आपण बहुतेक सगळे, त्या उत्तरात कुठंच नसतो. गुण मिळतात. मिळू द्या.

मराठवाड्यातल्या मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांना एवढीच विनंती. अर्थ फिरत असेल तिथं, म्हणजे 'मस्ट नॉट'ला 'नीड नॉट' झालं असेल तिथं, लाल रेघ जरूर मारा. 'फुले तोडू नये', 'ऐकंना', 'यायला पाहिजे नव्हतं' यांच्यापुढं मात्र रेघ मारू नये. आणि वाचकांनी आपल्या गावात 'नको' म्हणतात, 'नगं' म्हणतात की 'नकू', हे घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला विचारून, गाव आणि तालुक्यासह, एका वहीत लिहून ठेवावं.